घरचा ल्यूर पोहत नाही, हे म्हणणे कितपत खरे?

भंडारा-गोंदियाकडच्या तलावांवर गरी घेऊन बसणाऱ्या मंडळींच्या मोबाइलवर सध्या एक लांबलचक संदेश फिरतो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : लाकडाचा घरगुती ल्यूर, म्हणजे माशाला भुलवणारे खोटे आमिष, कधीच नीट पोहत नाही, त्यामुळे तो करण्यात वेळ न घालवता नावाजलेल्या कंपन्यांचाच घ्यावा; तरीही हौस असेल तर त्यात भरपूर शिसे भरावे, भडक रंग चढवावेत आणि गळ शक्य तितके मोठे लावावेत; अमेरिकेतला बास मासा आणि आपला मरळ सारखेच असल्याने बासचे ल्यूर इथे जसेच्या तसे चालतात; आणि पावसाळ्यात मरळाच्या लाल पिल्लांचा थवा दिसला की ल्यूर त्याच्या मधोमध टाकावा, मासा हमखास लागतो. मी काही वर्षे पांगाऱ्याच्या लाकडाचे ल्यूर घरीच करतो आहे आणि त्यातले निम्मे वाया घालवले आहेत, एवढ्याच अधिकारावर हे उत्तर लिहितो.

पहिला मुद्दा पोहण्याचा. ज्या कंपन्यांच्या ल्यूरचे हा संदेश गोडवे गातो, त्यांतली सर्वांत नावाजलेली रापाला ही कंपनीच मुळात एका घरगुती ल्यूरवर उभी राहिलेली आहे. फिनलंडमधील लॉरी रापाला या मच्छीमाराने 1936 साली बुचाच्या तुकड्याचा मासा कोरला, त्याला चॉकलेटच्या वेष्टनाची चांदी गुंडाळली आणि वर फोटोच्या निगेटिव्ह वितळवून त्यांचा लेप दिला. बासवाल्यांचे लाडके प्लास्टिकचे गांडूळही अमेरिकेतील अक्रन येथे निक क्रीम याने 1949 मध्ये घरीच तयार केले. तेव्हा घरी केलेला ल्यूर पोहत नाही हे खरे नाही. मापे न सांभाळता केलेला पोहत नाही, आणि ही मापे कोणत्याही हातांना साधण्यासारखी आहेत.

माझा पहिला ल्यूर सागवानाचा होता, कारण सुताराकडे तोच तुकडा फुकट मिळाला. सागवानाचे वजन घनमीटरला साधारण 650 किलो, तर बाहेरचे लोक वापरतात त्या बाल्साचे 160 च्या आसपास. सागवानाचा मासा पाण्यावर राहिला खरा, पण ओढताना ओंडका यावा तसा सरळ आला, कारण जड लाकडाला तोल सांभाळणारे वजन पोटात घालायला जागाच उरत नाही. पांगारा आणि सावर ही आपल्याकडची हलकी लाकडे. दोन्ही पाणी पितात, म्हणून रंगाआधी पातळ लाखेचे किंवा सँडिंग सीलरचे दोन-तीन हात द्यावेच लागतात. नाहीतर लाकूड फुगते आणि रंगाला भेगा पडतात. लाकूड मऊ असल्याने नुसती स्क्रूची कडी फिरवून बसवली तर मोठा मासा ती उपटून नेतो, म्हणून स्टीलची एकच तार नाकापासून शेपटीपर्यंत आरपार घालून तिच्याच कड्या कराव्या.

पोहण्याची खरी गोम तोंडाखालच्या पातीत आहे. ही पाती मी जुन्या सीडीतून कापतो. सीडी पॉलिकार्बोनेटची आणि 1.2 मिलिमीटर जाडीची असते, म्हणजे या कामाला अगदी बेताची. वरचा चकचकीत थर मात्र खरवडून काढावा. पाती अंगाच्या रेषेत पुढे काढली तर ल्यूर खोल जातो. खाली, जवळजवळ काटकोनात बसवली तर तो उथळ राहतो आणि अंग रुंद हलवतो. आपल्या मालगुजारी (जुन्या जमीनदारांनी बांधलेल्या) तलावांत काठाला गुडघाभर पाणी आणि खाली शिंगाड्याचे वेल, म्हणून मला उथळच हवा असतो. विकतच्या ल्यूरमध्ये ही पाती आहे तशी स्वीकारावी लागते. घरच्या ल्यूरमध्ये ती तलाव पाहून बसवता येते. एवढे करूनही ल्यूर डावीकडे पळत असेल तर त्याचे नाक स्वतःकडे धरून, ज्या कडीला तंगूस (गरीचा नायलॉनचा दोरा) बांधतो ती पक्कडीने केसभर उजवीकडे वाकवावी. केसभरच. मी एकदा जोर लावला आणि तो ल्यूर तेव्हापासून गोल गोल फिरतो.

शिशाबद्दलचा सल्ला दोन कारणांनी चुकीचा आहे. वजन वाढले की ल्यूर दूर जातो हे बरोबर, पण भरपूर वजनाचा ल्यूर बुडतो, आणि बुडणारा ल्यूर आपल्या वेलींत पहिल्याच फेकीला अडकतो. वजन किती हे तराजूवर नव्हे, बादलीत ठरते : सगळे गळ लटकवून, पोटाखाली तात्पुरते वजन चिकटवून ल्यूर पाण्यात सोडावा आणि पाठ वर ठेवून सरळ तरंगला की तेवढेच वजन पोटातल्या भोकात बसवून वर अरल्डाइट भरावे. वजन पाठीच्या बाजूला गेले तर ल्यूर आडवा पडतो. दुसरे कारण शिशाचे स्वतःचे. ते 327 अंशांना वितळते, त्यामुळे लोक सर्रास घरच्या चुलीवर, कधी स्वयंपाकाच्याच भांड्यात ते वितळवतात, आणि शिशाचे छर्रे तंगुसावर बसवताना तर दातांनी दाबतात. शिसे विषारी आहे; ब्रिटनमध्ये हंस मरू लागले म्हणून 1987 पासून लहान शिशाच्या वजनांवर बंदी आहे. सायकलच्या बेअरिंगमधले छर्रे तेच काम करतात, आणि त्यातला एक रिकाम्या रिफिलच्या नळीत सैल सोडला तर पाण्यात खुळखुळतोही.

रंगाचा मुद्दा लवकर आटोपतो. इलिनॉय विद्यापीठातील संशोधकांनी बासच्या दृष्टीचा अभ्यास केला, तेव्हा या माशाला लाल रंग चांगला ओळखता येतो, पण पोपटी-पिवळा आणि पांढरा, तसेच गडद निळा आणि काळा यांत त्याचा गोंधळ होतो असे आढळले. म्हणजे बासच्या बाबतीतही दुकानातल्या निम्म्या छटा गिऱ्हाइकासाठीच असतात. हा निष्कर्ष मरळाला परस्पर लावता येणार नाही. मात्र श्रावणात तलावाचे पाणी चहासारखे झालेले असताना रंगापेक्षा आकार आणि हालचाल आधी दिसते, हे काठावर बसणाऱ्या कोणालाही पटेल. संध्याकाळी माझा साधा काळा ल्यूर, खालून उजळ आकाशावर त्याची आकृती ठसठशीत दिसत असल्याने, रंगीतांपेक्षा सरस ठरला आहे.

आता बास आणि मरळ. बास हा उत्तर अमेरिकेतला, तिथल्या सनफिश कुळातला मासा. मरळ वेगळ्याच कुळातला, आणि मुख्य म्हणजे हवा घेण्यासाठी पाण्याच्या वर तोंड काढणारा. दोघेही दबा धरून शिकार करतात, एवढे साम्य मान्य. पण बासचे बरेचसे ल्यूर तीन टोकांच्या लोंबत्या गळांचे असतात आणि मोकळ्या पाण्यात किंवा दगडांच्या कडेने ओढण्यासाठी केलेले असतात. शिंगाडा आणि कमळाच्या पानांतून ते ओढता येत नाहीत. गळ मोठा केला तर वजनाने ल्यूरचे हलणे मंदावते आणि पुढचा गळ मागच्यात गुंततो. याला उपाय हवाई चपलेच्या तळव्याचा बेडूक : तळव्याचा अंगठ्याएवढा तुकडा पात्याने गोल तासावा, दुहेरी गळ त्यातून असा ओवावा की दोन्ही टोके पाठीला टेकून वर पाहतील, आणि मागे रबराच्या दोन पट्ट्या पाय म्हणून सोडाव्या. तो पानांवरून सरकतो, फटीत टुपकन पडतो, आणि मरळ तिथेच वर येतो.

राहिला पिल्लांचा थवा. संदेशातला हा एकच दावा खरा आहे आणि माझा सर्वांत मोठा आक्षेप त्यालाच आहे. मरळ आपल्या पिल्लांची राखण करतो, त्यामुळे थव्यात पडलेल्या कोणत्याही वस्तूवर तो तुटून पडतो. तेव्हा त्याला भूक नसते आणि ल्यूर कसा आहे याच्याशी त्याचा संबंधही नसतो. राखणदार काढून घेतला की ती लाल पिल्ले इतर माशांच्या आणि बगळ्यांच्या तोंडी जातात. आपल्याकडच्या बहुतेक तलावांतली मासेमारी ढिवर बांधवांच्या सहकारी संस्थांकडे ठेक्याने असते आणि पुढच्या उन्हाळ्यात जाळ्यात काय येणार हे त्या पिल्लांवर ठरते. गरी टाकायची परवानगी मी त्यांच्याकडूनच घेतो, आणि थवा दिसला की पाळीवरून उठून दुसऱ्या टोकाला जातो.