साथीला एक वूफर

तीन इंची फुल रेंज स्पीकर, म्हणजे खालचे-वरचे सगळे स्वर एकट्यानं वाजवणारा, मोठा गुणी असतो. बोल स्पष्ट, तबल्याची चाट खणखणीत, बासरीतली फुंकरसुद्धा वेगळी ऐकू येते. सगळं एकाच कोनातून, म्हणजे स्पीकरच्या पुढच्या हलणाऱ्या पडद्यातून, येत असल्यामुळे गायिका खरोखर एका जागी बसून गातेय असं वाटतं. फक्त डग्ग्यावर हात पडला, की तबलजी डग्गा घरी विसरून पुठ्ठ्याच्या खोक्यावर भागवतोय की काय, अशी शंका येते.

या गुणी गड्याला वूफरची, म्हणजे खालचे स्वर सांभाळणाऱ्या मोठ्या स्पीकरची, साथ द्यायची, असं मी जेवताना जाहीर केलं. मला कोणी विचारलं नव्हतं.

"काय कमी आहे त्याला?" हिनं विचारलं. ही गाणं शिकलेली आहे, मी नुसता ऐकलेला आहे. त्यामुळे अशा वादात मी आकडे घेऊन बसतो. म्हटलं, बुवा काळी एकमध्ये गातात. तानपुऱ्याच्या जोडीच्या तारा १३८.६ हर्ट्झला आणि खरज, म्हणजे सर्वांत खालची तार, त्याच्या निम्म्यावर, ६९.३ला. आपला तीन इंची बिचारा शंभराच्या खाली हात टेकतो. म्हणजे खरज त्याला वाजवताच येत नाही.

"मला तर ऐकू येतोय."

ते खरंच होतं. खरजाच्या तारेतून नुसता ६९ निघत नाही. त्याच्या दुपटीचे, तिपटीचे, चौपटीचे स्वरही निघतात. १३८, २०८, २७७ असे कानावर पडले, की कान त्यांचं मूळ ओळखतो आणि नसलेला ६९ स्वतःच्या पदरचा घालतो. हे सगळं मी उत्साहानं समजावून सांगितलं. तिनं आमटी वाढली आणि म्हणाली, "म्हणजे कान जे फुकट देतोय, ते तुम्ही विकत आणणार."

एकदा ठरलं की ठरलं. बाजारात तयार मिळणाऱ्या दोन स्पीकरांच्या पेट्या मला मुळातच पटत नाहीत. त्यांत वूफर आणि वरचे स्वर वाजवणारा ट्वीटर यांची वाटणी बहुधा अडीच-तीन हजार हर्ट्झच्या आसपास होते. माणसाचा कान सर्वांत तिखट असतो तो नेमका याच भागात. स्वर एकाच्या तोंडून, 'स' आणि 'श' दुसऱ्याच्या. फुल रेंजला वूफर जोडताना ही वाटणी खूप खाली, तीनशेच्या आसपास नेता येते. तिथं लाटेची लांबी ११४ सेंटिमीटर. दोन स्पीकरांमध्ये वीतभर अंतर असलं, तरी एवढ्या लांब लाटेच्या हिशेबात ते जवळजवळ एकाच जागी असतात, आणि कानाला सांधा सापडत नाही. शिवाय एक सप्तक खाली उतरलं, की तेवढाच आवाज काढायला कोनाला चौपट हलावं लागतं. ही अंगमेहनत वूफरकडे दिली, की छोट्याला निवांत गाता येतं. नाहीतर त्याच कोनावर डग्गा हिसके देत असतो आणि त्यावर बसलेल्या बुवांचा आवाज म्हातारा होत जातो.

इथवर सगळं कागदावर होतं. कागदावर माझी पेटी फार सुंदर वाजत होती.

पुण्यात पासोड्या विठोबापाशी आत वळलं, की तपकीर गल्लीत विजेच्या सामानाच्या दुकानाला दुकान लागून आहे. एका काउंटरवर मी आठ इंची वूफर मागितला.

"किती वॅट?"

मी म्हटलं, वॅट राहू द्या, याचा एफएस किती? क्यूटीएस, व्हीएएस काही छापलंय का? नेव्हिल थील यांनी ऑस्ट्रेलियात १९६१ साली आणि पुढे रिचर्ड स्मॉल यांनी १९७०च्या दशकात स्पीकरचे हे आकडे मांडून ठेवले, म्हणून पेटी केवढी करायची हे आज करवत चालवण्याआधी कळतं. दुकानदारानं वूफर उलटा केला. मागं किंमत आणि एक उभा शेर, एवढंच छापलेलं होतं.

"साहेब, गाडीत लावा, काच हलते."

"घरी लावायचाय."

"मग घराची हलेल."

दुसऱ्या दुकानात आकड्यांचा कागद मिळाला. तो मी काउंटरला टेकून इतका वेळ वाचत उभा होतो, की मागचं गिऱ्हाईक म्हणालं, "काका, गाणं ऐकणार की परीक्षेला बसणार?" पण त्याला काय माहीत की माझा फुल रेंज ८७ डेसिबलचा होता आणि मला वूफर तेवढ्याच विजेवर त्याच्यापेक्षा तीनेक डेसिबल खणखणीत हवा होता. कारण आखूड पेटीत खालचे स्वर समोर थांबत नाहीत. दर्शनी फळी नऊ इंच रुंद असली, तर पाचशे हर्ट्झच्या आसपासपासून खाली आवाज पेटीला वळसा घालून मागं जाऊ लागतो आणि उतरता उतरता सहा डेसिबलपर्यंत तूट येते. भिंत थोडंफार परत करते. बाकीचं शेजारी ऐकतात, तेही वर्गणी न देता.

वूफर मिळाला. प्लाय भवानी पेठेतून आणला, अठरा मिलिमीटरचा. आता मिस्त्री. आमच्या स्वयंपाकघराच्या ट्रॉल्या केलेले मिस्त्री अतिशय सज्जन आहेत. माझं चित्र त्यांनी बराच वेळ न्याहाळलं आणि विचारलं, "दार कुठल्या बाजूला?"

"दार नाही."

"मग आत ठेवणार काय?"

"हवा." अठ्ठावीस लिटर.

मिस्त्रींनी पेन्सिल कानावर परत ठेवली. त्यात पेटीच्या आत वरच्या बाजूला तीन लिटरची आणखी एक बंद पेटी हवी होती, कारण दोघांना एकाच हवेत कोंडलं, तर वूफर मागं सरकताना छोट्याच्या कोनाला आतून ढकलतो. "पेटीत पेटी, दोन्हींना दार नाही," असं मिस्त्री स्वतःशीच म्हणाले आणि उचल घेऊन गेले.

पेटी आली ती देखणी होती. कोपरे घासलेले, सनमायका सागवानी. मी कौतुकानं फिरवली, तर मागच्या बाजूला रुपयाएवढं गोल भोक. बंद पेटीचा सगळा हिशेब हवा कोंडण्यावर असतो. म्हटलं, मिस्त्री, हे काय?

"आतल्या मशीनला हवा नको का? गुदमरंल ना ते."

ज्या पेटीला मुद्दाम भोक ठेवतात तिला बास रिफ्लेक्स म्हणतात. तिच्यात भोकाचा व्यास आणि नळीची लांबी जुळवण्यात लोकांची उमेद जाते. आमच्या मिस्त्रींनी निव्वळ भूतदयेनं तिथवर मजल मारली होती. भोक बुजवताना त्यांचा चेहरा मला बघवेना.

राहिला क्रॉसओव्हर, म्हणजे दोन स्पीकरांत स्वरांची वाटणी करणारी जोडणी. आठ ओहम आणि तीनशे हर्ट्झ धरले, तर फुल रेंजच्या वाटेत ६६ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लागतो. तो त्याला खालच्या स्वरांपासून वाचवतो. ६६चा मिळत नाही. ४७ आणि २२ समांतर जोडले, की ६९ होतात, तेवढं चालतं. वूफरच्या वाटेत ४.२ मिलिहेन्रीचं वेटोळं लागतं, ते त्याला वरच्या स्वरांत तोंड घालू देत नाही. आणि ते जाड तारेचं हवं, नाहीतर वूफरची अर्धी ताकद तारेतच खर्च होते. असं तयार वेटोळं परवडेना, म्हणून मी आमच्या कोपऱ्यावरच्या मोटार रिवायंडिंगवाल्याकडे गेलो.

"किती एचपीची?" त्यानं मान वर न करता विचारलं.

"मोटार नाही. नुसतं वेटोळं पाहिजे."

"पंख्याचं?"

"कशाचंच नाही. मधे लोखंड नको. प्लास्टिकच्या रिळावर तांब्याची तार गुंडाळायची."

"मग फिरणार काय?"

"काहीच फिरणार नाही."

आता त्यानं मान वर केली. शेजारी बसलेल्या चहावाल्या पोरानंही केली. दोघांना मी ध्वनिशास्त्र सांगितलं. शेवटी "गुंडाळून देतो, तुमचं तुम्ही बघा" असा करार झाला. त्यानं तार मोजून गुंडाळली का, हे विचारायचं मला सुचलं नाही, कारण वेटोळं ताजव्यात टाकून तांब्याच्या भावानं पैसे लावलेले बघून माझं लक्ष पाकिटाकडे गेलं होतं. घरी मीटर लावला तर पाचाच्या वर. मग रात्री पंख्याखाली बसून एकेक वेढा उलगडत ४.२वर आणलं. उरलेली तार हिनं कपडे वाळत घालायला मागितली.

जोडणी झाली. वूफरच्या तारा सुलट लावायच्या की उलट, हा प्रश्न मात्र पुस्तकात सुटत नाही. दीड व्होल्टचा सेल लावून बघायची रीत आहे: लाल खुणेला अधिक टोक लावलं, की कोन पुढं आला पाहिजे. आमचा मागं गेला. कारखान्यातल्या कोणीतरी लाल ठिपका दुसऱ्याच टोकाला दिला होता. शिवाय इतक्या साध्या क्रॉसओव्हरमध्ये दोन स्पीकरांच्या लाटा मुळातच पाव फेरा मागंपुढं असतात, म्हणून दोन्ही प्रकारे लावून कानानं ठरवावं लागतं. कान हिचे. ती डोळे मिटून बसली, मी मागं तारा अदलाबदल करत राहिलो.

"आता?"

"बुवा समोर आहेत."

"आणि आता?"

"आता न्हाणीघरात गेले."

मी गुपचूप तीच जोडणी पुन्हा लावून पाहिली, तिला फसवायला. "न्हाणीघरातच आहेत अजून," ती म्हणाली. या खरेदीला विरोध करणाऱ्या व्यक्तीचे कान घरात सर्वांत चांगले असावेत, यात न्याय नाही.

मग बैठकीची खोली बोलू लागली. बारा फूट लांबीच्या खोलीत ४७ हर्ट्झची लाट नेमकी अर्धी मावते. ती भिंतींपाशी फुगते आणि मध्यावर गायब होते. माझी खुर्ची मध्यावर. सासरे दिवाणावर, भिंतीला टेकून. भाच्यानं मोबाईलवरून ढोल-ताशाचं रेकॉर्डिंग लावलं, तेव्हा मला टिपरी ऐकू आली आणि सासऱ्यांनी दचकून विचारलं, "खालून ट्रक गेला का?" स्वयंपाकघरात स्टीलच्या ताटल्याही ताल धरत होत्या, पण फक्त एकाच ठोक्याला. मी खुर्ची मागं सरकवली. दोन दिवसांनी ती पुन्हा मध्यावर आली. झाडू मारायला जागा लागते.

एका रविवारी ऐकायला मित्र बोलावले. त्यांनी पोहे खाल्ले, बुवांचं अर्ध गाणं ऐकलं, आणि एकानं वाकून पेटीकडे बघत विचारलं, "वूफर चालू आहे ना?" माझ्या मते साथीदाराला याहून मोठी पावती नाही. तबलजीकडे लोक सारखे बघायला लागले, की बुवांचं बिनसतं. पण हे पोहे खाणाऱ्यांना कसं पटणार? मी मागं जाऊन वूफरची तार काढली.

"अरे! बुवा बारीक झाले की," सगळे एकदम म्हणाले. तार परत लावली. बुवांच्या अंगात पुन्हा जीव आला, तानपुरा जमिनीवर टेकला. मी विजयी मुद्रेनं सगळ्यांकडे पाहिलं.

"छान. आता अजून थोडा वाढव ना."

वाढवायचा तसा तो वाढतो, पण मी वाढवला नाही. हिनं मात्र त्या दिवशी पहिल्यांदा आपण होऊन मैफल शेवटपर्यंत ऐकली, आणि भैरवी संपल्यावर म्हणाली, "बरं झालंय. आता उजवीकडचा कधी?"

कारण हे सगळं एकाच बाजूचं होतं. आधी डावी पेटी करून बघू, जमली तर उजवी, असं ठरलेलं. मिस्त्रींना फोन केला, तर त्यांनी आधी विचारून घेतलं की या खेपेला तरी हवेला जागा ठेवू का. मग मी रिवायंडिंगवाल्याकडे गेलो आणि म्हटलं, मागच्यासारखंच हुबेहूब आणखी एक वेटोळं द्या, तेवढेच वेढे.

"किती होते?"

"तुम्हीच गुंडाळलं होतं की."

"साहेब, वेढे कोण मोजतंय," तो म्हणाला, "तुम्हाला वजनावर दिलं होतं."