अस्मितेसाठी काही रंगसूचना (फक्त सीमाभागातील प्रयोगासाठी)

राष्ट्र घडवायला धरणं, रस्ते, कारखाने लागतात असं शाळेत शिकला असाल तर ते विसरा. राष्ट्राला लागतो पडदा. तो वर गेला की आपण कोण ते कळतं, आणि खाली पडला की शेजारच्या खुर्चीवर कोण बसलं होतं ते विसरता येतं. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या माणसाला तर त्याची फारच गरज. इथं घरात मराठी, कचेरीत कानडी, आणि भांडणात जी आधी तोंडाला येईल ती. एवढ्या सरमिसळीतून शंभर टक्के शुद्ध अस्मिता गाळून काढायची तर नाटक-सिनेमाशिवाय इलाज नाही. मात्र पथ्य कडक आहे.

सगळ्यात जपायचा तो नोव्हेंबरचा पहिला आठवडा. ३१ ऑक्टोबरला किर्लोस्करांचं 'शाकुंतल' आठवायचं; १८८० साली पुण्यात त्याचा प्रयोग झाला आणि संगीत नाटक उभं राहिलं. दुसऱ्याच दिवशी, १ नोव्हेंबरला, कर्नाटकाचा राज्योत्सव. अर्ध्या शहरात लाल-पिवळे झेंडे, उरलेल्या अर्ध्यात, आपल्याला कर्नाटकात घातलं म्हणून, काळा दिन. आपण काळी फीत बांधून निघायचं. ५ तारखेला मराठी रंगभूमी दिन, तेव्हा फीत खिशात ठेवून नटराजाला हार घालायचा, कारण १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं. इथं कुणी आगाऊ पोरगं विचारील, की भाव्यांना हे सुचलं कुठून? त्याला लगेच चहा आणायला पाठवा. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचा खेळ सांगलीच्या राजेसाहेबांनी, चिंतामणराव पटवर्धनांनी, पाहिला आणि 'असं आपल्याकडंही होऊ द्या' म्हणून भाव्यांच्या मागं लागले, ही हकीकत हार घालताना सांगायची नसते. १ ते ५ मध्ये तीन मोकळे दिवस मिळतात. विसरायला तेवढे भरपूर झाले.

अण्णासाहेब किर्लोस्करांचा अभिमान जरूर बाळगा, ते आपल्याच जिल्ह्यातले. मात्र 'बेळगावचे' एवढ्यावरच थांबा. गुर्लहोसूर हे जन्मगाव मोठ्यानं उच्चारलं की सभेत चुळबुळ होते. आणि जुन्या संगीत नाटकांची पुस्तकं पोरांच्या हाती देताना आधी चाळून घ्या. पदाच्या डोक्यावर बारीक अक्षरात 'चाल' छापलेली असते, आणि त्यात मधूनच एखादी कानडी चाल निघते. त्यावर कागद चिकटवा. डिंक पातळ लावावा, नाहीतर पान फुगतं आणि काहीतरी झाकलंय हे लांबूनही दिसतं.

पलीकडच्या मंडळींनाही हा सल्ला फुकट देऊन ठेवतो. त्यांनी कन्नड नाटककार शांतकवींचं नाव घ्यावं, गदगला कन्नड नाटक मंडळी काढली म्हणून फेटाही बांधावा. पण ते पेटून उठले ते हुबळी-धारवाडकडं मराठी कंपन्यांच्या नाटकांना होणारी गर्दी बघून, हे सांगू नये. आम्ही त्यांचा खेळ बघून नाटक केलं आणि त्यांनी आमची गर्दी बघून, एवढं कळलं तर मोर्चा कुणी कुणावर काढायचा?

आता प्रात्यक्षिक. वैशाखातल्या शिवजयंतीची बेळगावची चित्ररथ मिरवणूक तुम्ही पाहिली असेलच. नसेल तर अस्मितेबद्दल बोलूच नका. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर प्रतापगड, थर्माकोलचे बुरूज, मागं जनरेटर, आणि रेकॉर्ड केलेले संवाद. खान ठरल्या वाक्यावर कोसळतो, दहा पावलांवर पुन्हा उठतो, आणि पहाटेपर्यंत गल्लीगल्लीत मरत राहतो. हा खान दिवसा उद्यमबागेतल्या फौंड्रीत कामाला. दाढीचा डिंक घामानं सुटलेला, एका हातानं ती दाबून धरत दुसऱ्या हातानं त्यानं फोन कानाला लावला आणि पाळीवाल्या सोबत्याला अस्खलित कानडीत सांगितलं, की उद्या पहिल्या पाळीला येणार नाही. फोन ठेवून खाली उभ्या असलेल्या आईला म्हणाला, "आलो गं, खरं अजून दोनदा मरायचंय."

असली दृश्यं कॅमेऱ्यात येऊ देऊ नयेत. बेलवडीच्या मल्लम्माचा देखावा तर चुकूनही घेऊ नका. महाराजांच्या सैन्याशी ती लढली आणि महाराजांनी तिचा मान राखला, अशी कथा आपल्याच जिल्ह्यात सांगतात. तो घेतलात तर दोन्ही बाजूंचे जयजयकार एकाच ट्रॉलीतून होतील, आणि बंदोबस्ताला आलेल्या पोलिसांना करायला काम उरणार नाही.

नाटकाची ताकद इंग्रजांना बरोबर कळली होती. १८७६ सालीच त्यांनी नाटकांवर अंकुश ठेवणारा कायदा केला. खाडिलकरांच्या 'कीचकवधा'त कीचक म्हणजे कर्झन आणि सैरंध्री म्हणजे हिंदुस्थान, हे प्रेक्षकांना १९०७ साली कुणी समजावून द्यावं लागलं नाही. सरकारला उमजलं आणि १९१० मध्ये बंदी आली. त्या सरकारला बिचाऱ्याला निदान नाटक समजून तरी घ्यावं लागलं. तुम्ही तो त्रास घेऊ नका. अर्ध्या मिनिटाची क्लिप मोबाइलवर आली की भावना दुखावून घ्याव्यात. पूर्ण प्रयोग पाहिल्यावर त्या दुखतीलच याची खात्री नसते.

सिनेमाचं सोपं आहे. परभाषेतला चित्रपट कन्नडमध्ये डब झाला तर संस्कृती बुडेल, असं कन्नड चित्रसृष्टीनं कित्येक दशकं बजावलं, आणि मग त्यांचेच चित्रपट इतर भाषांत डब होऊन देशभर गल्ला जमवून आले. त्यांना हसण्याआधी आपला गृहपाठ पुरा करा. मराठी चित्रपटाला शो द्या म्हणून निवेदन द्यायचं, फोटो काढायचा, शो मिळाला की थेटरकडं फिरकायचं नाही. तिसऱ्या दिवशी शो उतरला की पुन्हा निवेदन. हे चक्र अखंड चालू राहिलं पाहिजे. त्या संध्याकाळी घरी आजी कानडी मालिका बघत असेल तर बघू द्या. तिला सुनेला छळणारी सासू हवी असते, कुठल्या भाषेतली याचं तिला काही पडलेलं नाही.

पुण्या-मुंबईचं नाटक आलं तर मात्र जावं. पास मिळवून जावं. तिकीट काढणारा रसिक असतो, पास मिळवणारा कार्यकर्ता. मध्यंतरात सत्कार ठेवा. पाहुण्या नटाला विंगेतच सांगून ठेवा, की 'बेळगाव, कारवार, निपाणी, बीदर, भालकीसह' एवढं म्हणा, पुढचं आम्ही बघतो. तो म्हणेल, टाळ्यांनी नाट्यगृह दणाणेल, आणि १९५६ पासून न सुटलेला, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात पडून असलेला सीमाप्रश्न तेवढी दहा मिनिटं सुटेल. नट कुंद्याचा डबा घेऊन रात्रीच्या गाडीनं परत जाईल. त्याला त्यातली निम्मी गावं नकाशात सापडत नसली तरी हरकत नाही, त्याची संवादफेक चांगली आहे.

शेवटचा धोका घरचाच. एकांकिका स्पर्धेत गल्लीतली पोरं कधीकधी अशी संहिता आणतात, की त्यात बाप मराठीत बोलतो, जावई कानडीत उत्तर देतो, आणि प्रेक्षकांना सगळं कळतं. हे वेळीच आवरा. बाद करू नका, त्यानं नाव होतं. 'उत्तेजनार्थ' द्या, प्रयोग सकाळी नऊचा लावा, आणि प्रमाणपत्रावर जावयाचं काम केलेल्या पोराचं आडनाव नीट तपासून मगच सही करा.