जुने सगळे पुसून टाका, असे म्हणणाऱ्यांना उत्तर

बेळगाव, खानापूर आणि निपाणी भागातील मराठी वाचकांच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक लांबलचक संदेश फिरत आहे. त्याचा आशय असा: सुपरहिरो कॉमिक्सच्या प्रकाशकाला आपले सामायिक विश्व (म्हणजे त्याचे सगळे नायक ज्यात एकत्र वावरतात ते कथांचे जग) पुन्हा उभे करायचे असेल, तर त्याने जुना सगळा इतिहास एका फटक्यात रद्द करावा आणि सर्व मालिका एकाच महिन्यात अंक १ पासून काढाव्यात. कारणे चार दिली आहेत. इतिहासाच्या ओझ्यामुळे नवा वाचक आत येत नाही; २०११ साली सुपरमॅन-बॅटमॅनच्या डीसी या अमेरिकी प्रकाशकाने हेच केले आणि विक्रीने ते बरोबर ठरवले; पाटी कोरी केली की विसंगती कायमच्या मिटतात; आणि जुने अंक हाती न लागणाऱ्या आपल्यासारख्या भागातील वाचकाला याचा सर्वांत जास्त फायदा होतो. संदेश कळकळीने लिहिलेला आहे आणि त्यामागची अडचणही खरी आहे. पण सुचवलेल्या उपायाने ती अडचण वाढते, आणि तसे का होते हे दाखवणारा जवळजवळ चाळीस वर्षांचा पुरावा आपल्यासमोर आहे.

पहिला मुद्दा इतिहासाच्या ओझ्याचा. आज साठीच्या आसपास असलेल्या आपल्याकडच्या वाचकांनी लहानपणी इंद्रजाल कॉमिक्समधून वेताळ वाचला. ली फाल्क यांनी १९३६ मध्ये निर्माण केलेला हा नायक आपल्या घराण्यातला एकविसावा. त्याच्या आधीच्या वीस पिढ्यांच्या कथा वाचल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, असे त्या काळी कोणा मुलाला वाटले नाही. कवटीसमोर घेतलेली शपथ एका चौकटीत सांगितली जाई आणि हातातल्या अंकातली गोष्ट समजू लागे. उलट, मागे एवढे काही घडून गेले आहे या जाणिवेनेच त्या जंगलाला खोली येत असे. अमेरिकेतले उदाहरण हवे असेल तर बॅटमॅनच्या पहिल्या वर्षाची फ्रँक मिलर आणि डेव्हिड मॅझुकेली यांनी रंगवलेली कथा पाहावी. १९८७ साली ती चालू मालिकेच्या ४०४ ते ४०७ या अंकांत आली. मुखपृष्ठावरच्या चारशेच्या आकड्याला घाबरून वाचक पळाले नाहीत, कारण चार अंकांत सुरुवात, मध्य आणि शेवट असलेली पूर्ण गोष्ट त्यांना मिळत होती.

वाचक अडतो तो दुसऱ्याच ठिकाणी. मी ज्या वाचनालयात मुलांच्या कपाटाचे काम पाहतो, तिथे नववीतल्या एका मुलीने एक जाड खंड घरी नेला आणि चार दिवसांनी परत आणून दिला. शेवटच्या पानावर खलनायक नायकाच्या दारात उभा होता आणि खाली बारीक अक्षरांत छापले होते की पुढचा भाग दुसऱ्याच एका मालिकेत वाचावा. ती मालिका आमच्याकडे नव्हती. त्या मुलीची तक्रार जुन्या कथांविषयी नव्हती. हातातली गोष्ट हातातल्या पुस्तकात संपत नाही, याविषयी होती. आपल्याकडे वैशाखातल्या शिवजयंतीच्या मिरवणुकीत दरवर्षी प्रतापगडाचा किंवा आग्ऱ्याहून सुटकेचा देखावा असतोच, आणि खांद्यावर बसून तो पहिल्यांदा पाहणाऱ्या पोराला मागच्या वर्षीचे चित्ररथ पाहिले नसल्याने काही अडत नाही. चित्ररथापुढे उभे राहिले की त्या प्रसंगापुरते सगळे त्याच चित्ररथावर सापडते. प्रकाशकाने काळजी घ्यायची ती एवढ्याच गोष्टीची.

दुसरा मुद्दा विक्रीचा. सप्टेंबर २०११ मध्ये डीसीने बावन्न मालिका अंक १ पासून काढल्या, आणि जस्टिस लीग व बॅटमॅन यांच्या पहिल्या अंकांनी दोन लाखांचा टप्पा ओलांडला, हे खरे आहे. परंतु जे आकडे दाखवले जातात ते दुकानांनी आगाऊ नोंदवलेल्या मागणीचे असतात. वाचकाने विकत घेऊन वाचलेल्या प्रतींचे नसतात. पहिल्या अंकाला दुकानदार नेहमीच जास्त मागणी नोंदवतो, त्यामुळे पहिला महिना काहीच सिद्ध करत नाही. पुढे काय झाले ते पाहावे. आठव्या अंकासोबतच सहा मालिका बंद झाल्या. एका महिन्यात बावन्न नव्या सुरुवाती घेणे कोणत्याच वाचकाच्या खिशाला परवडत नाही, त्यामुळे कमी परिचित नायकांच्या मालिका आधी बळी पडल्या. आणि २०१६ मध्ये त्याच प्रकाशकाने पुसलेला इतिहास परत आणायला सुरुवात केली, इतकेच नव्हे तर सुपरमॅनची जुनी मालिका ॲक्शन कॉमिक्स ९५७ पासून आणि बॅटमॅनची डिटेक्टिव्ह कॉमिक्स ९३४ पासून पुढे चालू केली. हिशेब सरळ आहे. २०११ मध्ये या मालिका अनुक्रमे ९०४ आणि ८८१ वर थांबल्या होत्या. मधल्या काळात प्रत्येकीचे नव्या क्रमाने निघालेले बावन्न अंक जुन्या क्रमांकात मिळवले की ९५६ आणि ९३३ होतात, आणि पुढचे अंक हेच. म्हणजे ज्याने पाटी पुसली, त्यानेच बेरीज करून जुना क्रम पुन्हा धरला. २०१८ आणि २०१९ मध्ये या दोन्ही मालिकांचे हजारावे अंक निघाले आणि त्यांचे मोठे सोहळे झाले, तेही या बेरजेमुळेच शक्य झाले.

तिसरा मुद्दा विसंगतींचा, आणि माझ्या मते सगळा वाद इथेच निकालात निघतो. १९८५-८६ मध्ये मार्व्ह वोल्फमन आणि जॉर्ज पेरेझ यांच्या बारा अंकी ‘क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स’ने डीसीची अनेक समांतर विश्वे मोडून एकच विश्व केले. ती कथा वाचावी अशीच आहे. पण तिच्यानंतर काय घडले, काय घडलेच नव्हते, याचा निर्णय प्रत्येक मालिकेच्या संपादकाने आपापल्या सोयीने घेतला. जॉन बर्न यांनी १९८६ मध्ये सुपरमॅन नव्याने लिहिला आणि तो किशोरवयात कधी सुपरबॉय नव्हताच असे ठरले. आता भविष्यातल्या शतकात राहणारी लीजन ऑफ सुपरहिरोज ही मुलांची संघटना तर सुपरबॉयच्याच प्रेरणेने उभी राहिलेली. तिचा पाया गेला, म्हणून एका वेगळ्या छोट्या विश्वातला सुपरबॉय शोधून ठिगळ लावावे लागले आणि काही वर्षांत ते ठिगळही काढावे लागले. हॉकमन या पंखवाल्या नायकाचे त्याहून वाईट झाले. त्याचे आगमन नव्याने दाखवले, पण तो आधीच इतरांच्या कथांत वावरून गेला होता. हे निस्तरण्यासाठी १९९४ मध्ये ‘झीरो अवर’ ही आणखी एक कथा आली आणि लीजनचा सगळा इतिहास रद्द झाला. पुढे २००५-०६ मध्ये आणखी एक मोठी घडामोड, त्यानंतर २०११. एक पुसणी पुढच्या पुसणीला जन्म देते, हे या क्रमावरून दिसते. २०११ मध्ये तर सुपरमॅन कोरा केला आणि बॅटमॅनचा बराचसा भूतकाळ तसाच ठेवला. नायक जगासमोर येऊन पाचच वर्षे झाली असे जाहीर केले, आणि त्या पाच वर्षांत बॅटमॅनच्या हाताखालून एकामागून एक रॉबिन (त्याचे तरुण साथीदार) गेले, शिवाय त्याचा मुलगा दहा वर्षांचा झालेला.

यावर संदेशलेखक म्हणतील की अर्धवट पुसल्यामुळे असे झाले, पूर्ण पुसायला हवे होते. पूर्ण कोरी सुरुवातही करून झाली आहे. डीसीचा प्रतिस्पर्धी प्रकाशक मार्व्हलने २००० साली अल्टिमेट मालिका काढल्या. ब्रायन मायकल बेंडिस आणि मार्क बॅगली यांनी शाळकरी पीटर पार्कर, म्हणजे स्पायडर-मॅन, पहिल्यापासून सांगितला आणि तो वाचकांनी उचलून धरला. मात्र त्या वेळी मूळ विश्व बंद केले नव्हते. नवे विश्व त्याच्या शेजारी उभे केले होते. पंधरा वर्षांत या नव्या विश्वाचाही स्वतःचा इतिहास साठला आणि २०१५ मध्ये ते संपवले गेले. त्यातला नवा स्पायडर-मॅन माइल्स मोरालेस मूळ विश्वात आणला गेला, कारण २०११ पासून त्याच्यावर जीव लावलेले वाचक होते. शेजारी घर बांधण्याचा हाच मार्ग मार्व्हलने २०२४ च्या अल्टिमेट स्पायडर-मॅनमध्ये आणि डीसीने त्याच वर्षी ॲब्सोल्युट मालिकांमध्ये पुन्हा धरला. इतिहास साठणे हा दोष असेल, तर प्रत्येक यशस्वी नव्या सुरुवातीला तो पंधरा वर्षांत लागणारच.

आणि पुसताना जे जाते ते फक्त तारखांचे जंजाळ नसते. डीसीचा अतिवेगाने धावणारा नायक फ्लॅश, म्हणजे बॅरी ॲलन, १९८५ मध्ये मेला आणि त्याचा शिष्य वॉली वेस्ट फ्लॅश झाला. गुरूची जागा घेण्याचे दडपण, चुका, लग्न, मुले, असा तो दोन दशके वाचकांसोबत वाढला. २०११ मध्ये तो एकदम नाहीसा झाला. २०१६ मध्ये त्याला परत आणताना, तो आपल्याला विसरलेल्या माणसांकडे धडपडत जातो, असे दाखवावे लागले. ज्यांनी त्याला वाढताना पाहिले, त्यांची वीस वर्षे नव्या वाचकाच्या नावाने मोडीत काढणे मला अन्यायाचे वाटते.

राहिला आपला सीमाभाग. इथली मुले मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तीन भाषा शाळेत सांभाळतात आणि चित्रांचा आधार घेऊन इंग्रजी कॉमिक्स वाचतात. सुटे अंक मिळत नाहीत. वर्गणी जमवून ऑनलाइन मागवलेले खंड हेच आमचे साधन. अशा वाचकाला वारंवार १ पासून सुरुवात करणे सर्वांत जास्त नडते. ‘बॅटमॅन, खंड १’ म्हणून शोधले तर २०११ च्या मालिकेचाही खंड १ येतो आणि २०१६ च्या मालिकेचाही. दोन्हींचे लेखक वेगळे, कथा वेगळी, आणि आधीच्या एकाचा खंड २ घरात असताना दुसऱ्याचा खंड १ मागवला जातो. पुसलेल्या काळातले अनेक खंड सहज मिळत नाहीत तो तोटा वेगळाच.

प्रकाशकाला खरोखर नवी सुरुवात करायची असेल, तर पहिला अंक छापण्यापूर्वी संपादकांनी एकत्र बसून कोणत्या घटना घडल्या आणि कोणत्या नाहीत हे लिहून ठेवावे आणि ते प्रत्येक मालिकेला बंधनकारक करावे. एकाच वेळी पाच-सहा मालिका पुरेत. प्रत्येकीची पहिली कथा एका खंडात संपावी, पहिल्या दोन वर्षांत कोणतीही कथा दुसऱ्या मालिकेत शिरू नये, आणि खंडाच्या कण्यावर आकड्यापेक्षा कथेचे नाव ठळक असावे. १९८७ च्या त्या चार अंकांचा खंड आजही छापला जातो आणि त्यावर क्रमांकच नसल्याने तो मागवताना आमची कधी चूक होत नाही.