तेवीस सह्या आणि एक दिवा

मी आत्तापर्यंत व्हेल, मधमाश्या, ॲमेझॉनचं जंगल आणि युरोपातलं कुठलंसं एक जुनं थिएटर एवढं सगळं वाचवलंय, तेही गोव्यात फोंड्याजवळच्या घरात सोप्यावर पाय वर घेऊन. बायको म्हणते, "व्हेल वाचला असेल तर पोदेर (पाववाला) गेला का बघा जरा."

ऑनलाइन पिटिशनवर सही करणं सोपं, त्रास नंतरचा. पहिला मेल येतो की तुमच्या सहीने फरक पडतो. दुसरा की आता फक्त ३७ सह्या कमी आहेत, आणि तुम्ही मेहुण्यांच्या मागे लागून त्या जमवल्यात की टार्गेट गुपचूप ५०० वरून १००० झालेलं असतं, लग्नाच्या बजेटसारखं. मग साइटच म्हणते, थोडे पैसे टाका, म्हणजे हे पिटिशन अजून लोकांना दाखवू. म्हणजे सहीही माझी आणि जाहिरातीचा खर्चही माझाच!

तरी मला अभिमान होता, गोव्यातल्या मोलेंच्या जंगलामुळे. २०२० मध्ये तिथल्या अभयारण्यातून रेल्वेचा दुसरा ट्रॅक, रुंद हायवे आणि ४०० केव्हीची वीजलाइन जाणार म्हणून केवढा गदारोळ झाला, तेव्हा मी पण सही ठोकली होती. मे २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने ट्रॅकला मिळालेली वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली आणि मी घरात पेढे आणले. पुतण्या पेढा खात म्हणाला, "काका, चांदर गावात लोक रात्रभर ट्रॅकपाशी उभे होते, कोणी कोर्टात फायली नेल्या, कोर्टाच्या समितीने रिपोर्ट दिला. तू नेमकं काय केलंस?"

"फॉरवर्डसुद्धा केलेलं," मी म्हटलं.

आमच्या घराण्याला आकड्यांचा अनुभव जुनाच आहे म्हणा. गोवा वेगळा ठेवायचा की महाराष्ट्रात विलीन करायचा, या १९६७ च्या ओपिनियन पोलला आजोबांनी विलीन व्हायचं म्हणून फुलावर शिक्का मारला आणि ३४,०२१ मतांनी हरले. आजीने दोन पानांवर, म्हणजे वेगळं राहायचं म्हणून, मारला होता, हे तिने ते असेपर्यंत त्यांना सांगितलं नाही. पण तो शिक्का मोजला गेला आणि सरकारला मानावा लागला, माझ्या सहीचं तसं नाही ना.

तर मुद्दा आमच्या वळणावरच्या दिव्याचा. चार महिने बंद. एक ऑफिस म्हणतं दुसऱ्याकडे जा, दुसरं म्हणतं पहिल्याकडे. पुतण्याने ऑनलाइन पिटिशन टाकलं आणि आठवड्यात ४१२ सह्या! मी एकेक नाव वाचायला बसलो तर निम्मे लोक इंग्लंडमधल्या स्विंडन शहरातले. आमचे गोंयकार तिथे किती आहेत हे माहीत होतं, पण त्यांना इथल्या काळोखाचा एवढा कळवळा असेल असं वाटलं नव्हतं. दोन पोलंडचे, एक ब्राझीलचा. वाड्यावरचे मोजून सहा आणि त्यातला एक टायगर, म्हणजे शेजाऱ्यांचा कुत्रा. अर्थात ही परंपरा मोठी आहे. १८४८ मध्ये इंग्लंडच्या कामगारांनी मतदानाचा हक्क मागायला लाखो सह्यांचं बाड पार्लमेंटात नेलं, त्यात चक्क व्हिक्टोरिया राणीची सही निघाली! हसं झालं, पण त्यांच्या ६ पैकी ५ मागण्या पुढे कायद्यात आल्याच. आता तिथे पार्लमेंटचीच साइट आहे, १० हजार सह्यांना सरकार उत्तर देतं, १ लाखाला चर्चेचा विचार होतो. २०१९ ला ब्रेक्झिट रद्द करा म्हणून ६० लाखांवर सह्या पडल्या, उत्तर आलं, चर्चा झाली, आणि ब्रेक्झिटही झालंच. पण निदान उत्तर तरी आलं हो.

मी ४१२ नावांचं प्रिंट काढून रविवारी ग्रामसभेत गेलो. पंचायतीतल्या क्लार्कने पानं चाळली आणि म्हणाला, "ह्यो सह्यो न्हय, ही नांवां. पेनान करून हाडात."

मग काय, पेन घेऊन निघालो घरोघर. दर घरी एक चहा, एक "कोणाचो रे तूं?", आणि आमच्या आजोबांनी त्यांच्या आजोबांचं माडाचं आळं कसं दाबलं ती गोष्ट. दुकानदाराने सही केली नाही, वायरमन त्याचा जावई. एक म्हातारी म्हणाली, दिवा नको, काळोखात शेजारीण आमचे आंबे उचलते ते पकडायचंय. (काळोखात कसं पकडणार, हे विचारायची हिंमत झाली नाही.) दोन संध्याकाळी, २३ सह्या, अकरा चहा आणि रात्रभर ॲसिडिटी. अर्ज दिला, आवक नंबर घेतला आणि तो मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवला, मुलाच्या बारशाचे एवढे जपून ठेवले नसतील.

चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) चार दिवस आधी बघतो तर वायरमन शिडीवर. मी धावतच गेलो. पुतण्याने तोवर तिकडे पिटिशनवर विजय जाहीर करून टाकलेला, स्विंडनहून अभिनंदनाचे मेसेज सुरू.

"अर्ज मिळाला ना?" मी खालून ओरडलो.

"कसलो अर्ज?" तो वरून म्हणाला. "चवथ आयली न्हय?"

दिवा लागला. तो खाली उतरला, घामाघूम. राहतो आमच्याच वाड्यावर, तेव्हा मी खिशातून झेरॉक्स काढली आणि त्याचीही सही घेतली. चोवीस झाल्या.