काचेआडचा गणवेश आणि आपले 15 टक्के

वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय हवाई व अंतराळ संग्रहालयाने एमिली हॉवेल वॉर्नर यांचा वैमानिकाचा गणवेश जतन केला आहे. जानेवारी 1973 मध्ये फ्रंटियर एअरलाइन्स या अमेरिकी कंपनीने त्यांना वैमानिकाची नोकरी दिली, तोवर डेन्व्हरमध्ये त्यांच्याच हाताखाली विमान चालवायला शिकलेले पुरुष विमान कंपन्यांत केव्हाच रुजू झाले होते. त्याआधी 1934 मध्ये हेलन रिची यांना एका अमेरिकी कंपनीने पहिली स्त्री वैमानिक म्हणून घेतले खरे, पण वैमानिकांच्या संघटनेने सभासदत्व नाकारले आणि वर्षभरातच त्यांनी राजीनामा दिला. म्हणजे पहिलीनंतर दार पुन्हा जवळजवळ चाळीस वर्षे बंदच राहिले.

मायदेशी महिला दिन आला, की भारतात सुमारे 15 टक्के वैमानिक स्त्रिया आहेत आणि जगाची सरासरी जेमतेम 5 टक्के आहे, हा आकडा हमखास फिरतो, आणि आम्हा अमेरिकावासीयांना त्यावरून टोमणेही ऐकावे लागतात. ते मला रास्तच वाटतात. इथले प्रमाणही त्या सरासरीच्याच आसपास घुटमळते, शिवाय दुर्बा बॅनर्जी इंडियन एअरलाइन्समध्ये वैमानिक झाल्या त्या 1966 मध्ये, वॉर्नर यांच्या सात वर्षे आधी. 1985 मध्ये तर सौदामिनी देशमुख आणि निवेदिता भसीन यांनी कोलकाता ते सिल्चर हे फॉकर विमान केवळ स्त्री कर्मचाऱ्यांनिशी नेले.

तरीही या अभिमानाची एक बाजू सहसा कोणी काढत नाही. ज्या देशात बॅनर्जी विमान चालवत होत्या, त्याच देशात एअर इंडियाच्या हवाई सुंदरीची नोकरी पहिल्या गरोदरपणाबरोबर संपत असे; ती अट रद्द व्हायला 1981 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला, आणि त्याच निकालाने नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न न करण्याची अट मात्र कायम ठेवली. कॉकपिटमधल्या एकीचे कौतुक आणि केबिनमधल्या अनेकींवरची बंधने एकाच विमानात सुखाने नांदत होती.

म्हणून 15 टक्क्यांच्या बढाईपेक्षा मला त्या गणवेशाच्या बाहीवरच्या पट्ट्या अधिक बोलक्या वाटतात. चार पट्ट्या म्हणजे कॅप्टन, तीन म्हणजे सहवैमानिक. वॉर्नर 1976 मध्ये कॅप्टन झाल्या. आपल्या 15 टक्क्यांत चार पट्ट्यांच्या किती, आणि बाळंतपणानंतर कामावर परतून त्या मिळवलेल्या किती, हे आकडे महिला दिनाच्या संदेशांत एकदा तरी यावेत.