नुसतं क्रिएटिनिन पुरत नाही

‘बीपीवाल्यांनी वर्षातून एकदा क्रिएटिनिन तपासलं की किडनीची चिंता नको’ हे तुमच्या बीपी आणि किडनीवरच्या लेखातलं वाक्य काही पटलं नाही. क्रिएटिनिन म्हणजे रक्तातला टाकाऊ पदार्थ; किडनी नीट चालत नसली की तो वाढतो. किडनीचं काम जवळपास निम्म्यावर येईपर्यंत क्रिएटिनिन नॉर्मल दिसू शकतं. लघवीतून अल्ब्युमिन हे प्रथिन जाणं बरेचदा त्याच्या आधीच सुरू होतं आणि ते लघवीच्या एसीआर (अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर) तपासणीत कळतं. आमच्या काकांचं क्रिएटिनिन कायम १.१ च्या आसपास, त्यामुळे घरात सगळे निवांत. नव्या डॉक्टरांनी लघवी तपासायला लावली तर एसीआर ३०० च्या वर! (३० च्या आत हवा.)

आणि गुडघेदुखीवर मेडिकलमधून परस्पर आणलेल्या डायक्लोफिनॅकबद्दल लेखात चकार शब्द नाही. त्याने बीपीही वाढतं, किडनीलाही मार बसतो. काका ती गोळी न चुकता घ्यायचे. बीपीची मात्र ‘आज बरं वाटतंय’ म्हणून डबीतच.