मर्ढेकरांनी छंद मोडला म्हणे!

मराठी भाषा गौरव दिनापासून कवी बा. सी. मर्ढेकरांवर एक मजकूर फिरतोय. 'केशवसुतांची थोर परंपरा मर्ढेकरांनी बुडवली. छंद मोडला, इंग्रजांची नक्कल केली, अश्लील लिहून शिक्षा भोगली आणि वाचक कवितेला पारखा झाला.' चार गटांवर आला तेव्हा सोडून दिला. काल आत्याने पाठवला, खाली 'अगदी खरं' लिहून. आत्याने जन्मभर शाळेत मराठी शिकवलंय. मग मात्र राहवेना.

छंद मोडला? ज्या कवितेवर सगळा राग, तिचीच पहिली ओळ घ्या: 'पिपात मेले ओल्या उंदिर'. ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा, दीर्घाची दोन, अशा मोजा: 'पिपात मेले' आठ मात्रा, 'ओल्या उंदिर' आठ मात्रा. पुढची: 'माना पडल्या, मुरगळल्याविण'. पुन्हा आठ आणि आठ. 'उंदीर'मधली दी ऱ्हस्व का केलीय, तर मात्रा वाढू नये म्हणून! छंद मोडायला बसलेला माणूस एका मात्रेसाठी एवढा आटापिटा करेल का? शिवाय याच माणसाने अभंगाच्या घाटात कविता लिहिल्यात. मराठीत मुक्तछंद, म्हणजे मात्रांचं ठरीव माप नसलेली कविता, रुजवला तो कवी अनिलांनी, तोही मर्ढेकरांचा 'काही कविता' (1947) हा संग्रह यायच्या आधी. मजकूर लिहिणाऱ्याने ही कविता मोठ्याने एकदाही म्हटलेली नाही, हे मी पैजेवर सांगतो.

शिक्षा वगैरे झाली नाही. अश्लीलतेचा खटला झाला, मर्ढेकर निर्दोष सुटले. तेही आकाशवाणीच्या, म्हणजे सरकारच्याच, नोकरीत असताना.

इंग्रजीचा प्रभाव होता, नाही कशाला म्हणू? इंग्लंडमध्ये राहून आलेले, टी. एस. एलियट हा इंग्रजी कवी वाचलेले. पण मग केशवसुतांचं काय? सुनीत, म्हणजे चौदा ओळींचं 'सॉनेट', त्यांनी इंग्रजीतूनच आणलं. आणि 'जुने जाऊ द्या मरणालागुनि' हे 'तुतारी'त कोणी लिहिलं? त्यांनाच परंपरेचे राखणदार म्हणून उभं करायचं म्हणजे कमाल आहे.

दुर्बोधतेचं थोडं मान्य. काही कविता मलाही आजवर उलगडलेल्या नाहीत. नंतरच्या नकलाकारांनी तर वाक्यं तोडून एकाखाली एक रचली, त्याचा कंटाळा मलाही आहे. त्याचं बिल मर्ढेकरांच्या नावावर नको.

रात्री आत्याला फोन करून मात्रा मोजून दाखवल्या. मोजायला तिनेच शिकवलं होतं, आठवीत. तिने बोटांवर दोनदा मोजल्या, मग म्हणाली, "बसतात रे. पण उंदीर मला अजून आवडत नाहीत."